माईंचं हं

सोमवार, २ मार्च

आज सकाळी आमचे चारही जुने फोन एका खोक्यात घालून नेले. नेणाऱ्याने खोक्यावर 'भंगार' असं लिहिलं, तेही माझ्याकडून पेन मागून. मी पेन दिलं, याचाच आता राग येतोय.

नवे फोन इंटरनेटवरून चालतात. टेलिफोन कंपनी तांब्याच्या तारा सगळ्या शहरातूनच काढणार आहे, म्हणजे आज ना उद्या हे व्हायचंच होतं, एवढं मला कळतं. मी काही खुळी नाही. पण आमच्या संस्थेचे अध्यक्ष सगळ्यांच्या आधी गुडघ्याला बाशिंग बांधून उभे. "आपण काळाबरोबर चाललं पाहिजे," असं बैठकीत म्हणाले. या माणसाने आमच्या खोलीत बसून आयुष्यात एक फोन घेतलेला नाही.

आमचं काम ऐकण्याचं. ज्याला मन मोकळं करायला कुणी उरलं नाही तो आमचा नंबर लावतो, आणि आम्ही ऐकतो. नाव विचारायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. कुणी डॉक्टरचा, वकिलाचा नाहीतर बायकांच्या निवाऱ्याचा पत्ता मागितला तर तेवढा द्यायचा. बाकी तोंडाला कुलूप. हा नियम नव्या माणसाकडून मीच घोकून घेते, कारण खोलीची जबाबदारी माझी.

फोन बसवायला आलेल्या माणसाला काहीही विचारलं की तो म्हणतो, "होऊन जाईल मॅडम." म्हणून त्याचं नाव होऊनजाईल. चाचणी अशी झाली की तो मोबाइल घेऊन खाली लाँड्रीत गेला आणि मी वरून नव्या फोनवर बोलले, "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" तो म्हणाला, "खणखणीत!" न यायला काय झालं? माझा आवाज असा आहे की फोन नसतानाही लाँड्रीवाला खालून ओ देतो.

कानाला आता टोपडं लावायचं, त्यालाच बोलायची नळी. माईंनी ते घातलं आणि तोंड वाकडं केलं. माई आमच्यात सगळ्यात जुन्या. मला हे काम त्यांनी शिकवलं. म्हणाल्या, "ह्याच्यात मला माझाच आवाज येत नाही गं. जुन्यात कानात यायचा."

मी म्हटलं, "माई, तुमचा आवाज तुम्हाला कशाला हवा? समोरच्याला गेला म्हणजे झालं."

यावर चिमणी खिखी हसली. चिमणी म्हणजे आमची सगळ्यात धाकटी, आवाज तेवढाच म्हणून.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. टीव्ही एवढा मोठा लावलेला की मला त्याच्यावर ओरडावं लागलं. हे आपले "हं, हं" करत होते. शेवटी विचारलं, "बँकेत तुम्ही जाताय की मी जाऊ?" तर म्हणाले, "हं." याला काय म्हणावं?

गुरुवार, ५ मार्च

दुपारी लाइट गेले आणि त्याबरोबर चारही फोन गेले. जुन्या फोनला तारेतूनच वीज यायची. शहर अंधारात बुडालं तरी ते वाजायचे. नव्यांचे डोळे मिटले ते मिटलेच. होऊनजाईलला मोबाइलवरून विचारलं तर म्हणतो, "बॅटरी पुढच्या टप्प्यात आहे मॅडम." मी म्हटलं, "ज्याला आज दुपारी जीव नकोसा झालाय त्याला पुढच्या टप्प्यापर्यंत थांबायला सांगू का?"

आणि वार कुठला, तर गुरुवार. जिन्याखालचीचा वार.

तिला आम्ही जिन्याखालची म्हणतो कारण तिच्या घरातला फोन जिन्याखाली आहे. जुना, तारेचा. नवरा मारतो. तिचा मोबाइल तो रोज तपासतो, पण जिन्याखालच्या फोनवरून कुणाला फोन गेला ते कळत नाही. गुरुवारी दुपारी सासू शेजारच्या खोलीत आडवी होते तेव्हा ही जिन्याखाली बसून माईंशी बोलते, तेही कुजबुजत. शाळेत जाणारी एक मुलगी आहे. तिला घेऊन निघावं की नाही, एवढा एकच प्रश्न किती तरी महिने चाललाय. निवाऱ्याचा पत्ता तिने मागून घेतला आहे, पाठही केला आहे. पाऊल तेवढं उचलत नाही.

तिच्याशी मोठ्याने बोलून चालत नाही. रिसीव्हरमधून आवाज बाहेर जातो, सासूचे कान तिखट. एकदा माई रजेवर होत्या म्हणून मी फोन घेतला आणि "बोला, मी ऐकतेय," म्हणाले, तर तिने दाणकन ठेवला. तेव्हापासून तिला फक्त माई. माई तिच्याशी एक शब्द बोलत नाहीत, नुसतं "हं" म्हणतात. पण माईंचं हं म्हणजे काय चीज आहे ते ज्याने ऐकलं त्यालाच कळेल. एकाने माणूस पुढे बोलू लागतो, एकाने रडायचं थांबतो. घाई करणाऱ्याला त्या हं म्हणूनच खाली बसवतात. मला हे कधी जमलं नाही.

लाइट आले तेव्हा सासूची झोप झाली असणार. माई टोपडं कानाला लावून बसून राहिल्या, फोन आला नाही.

सोमवार, ९ मार्च

लोक मध्येच फोन ठेवायला लागलेत. माझ्याकडचे नाही. माईंच्या आणि चिमणीच्या फोनवर चार वाक्यं झाली की समोरचा म्हणतो, "आहात ना?", मग "हॅलो?", आणि ठेवून देतो. चिमणीला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शिव्या घातल्या. म्हणाले, भिंतीशी बोलायला माझ्या घरात चार भिंती आहेत.

होऊनजाईल आला, माझ्या जागेवर बसून पुन्हा हॅलो हॅलो झालं. लाइन स्वच्छ. जुन्या फोनवर कायम खरखर असायची, आता टाचणी पडली तरी ऐकू येईल. मग दोष कुणाचा? मी दोघींना सुनावलं. चिमणीला म्हटलं, नीट लक्ष दे, नखं कुरतडू नकोस. माईंना काही बोलले नाही, पण बोलताना बघत त्यांच्याकडेच होते.

ह्यांना येताना घड्याळाचे सेल आणायला सांगितले होते. आले ते तेलाची बाटली घेऊन. म्हटलं, "घड्याळाला आता तेल पाजू?" तर हसून म्हणाले, "हं." माझ्या बोलण्याकडे कुणाचं म्हणून लक्ष नाही, ना तिकडे ना इकडे.

गुरुवार, १२ मार्च

जिन्याखालचीचा फोन आला. मी दुसऱ्या फोनवर होते. माझं संपेस्तोवर माई टोपडं काढून बसल्या होत्या. एवढ्यात झालं? म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ठेवला तिने." चेहरा उतरलेला. पुढे काही सांगू पाहत होत्या, पण माझा फोन पुन्हा वाजला आणि राहून गेलं.

सोमवार, १६ मार्च

आज जे कळलं त्याने डोक्याची शीर उठली आहे.

पहिली गोष्ट, या नव्या फोनांमागचं यंत्र सगळे फोन ध्वनिमुद्रित करतंय. पहिल्या दिवसापासून! आमच्या दारावर, पत्रकावर, प्रत्येक भिंतीवर लिहिलंय की तुमचं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही. आणि हे यंत्र सगळं साठवून कुठे ठेवतंय, देव जाणे. होऊनजाईल म्हणतो, "ते मुळातच चालू असतं मॅडम, नको असेल तर बंद करायला सांगायचं." आम्हाला माहीतच नाही ते आम्ही बंद कसं करायला सांगणार होतो? बाईमाणसाने विश्वासाने सांगितलेलं हे लोक पोत्यात भरून ठेवतायत आणि वर माझीच चूक.

दुसरी गोष्ट, यंत्राने अध्यक्षांना एक अहवाल पाठवला. कुणाच्या फोनवर किती 'मृत वेळ' आहे त्याचा. मृत वेळ म्हणजे आपल्या बाजूने कुणी बोलत नाही तो वेळ. म्हटलं, अहो, आपलं कामच न बोलण्याचं आहे. तर अध्यक्ष म्हणाले, "पण या माईंचा फोन जवळजवळ सगळाच मृत आहे. झोपतात का त्या? एकदा ऐकून बघा."

मी ऐकणार नव्हते. एकच ऐकला, गुरुवारचा. ऐकायला नको होता, ऐकला.

जिन्याखालचीचा आवाज पहिल्यांदाच इतका स्पष्ट ऐकला. तिचा फोन जुना, तरी श्वाससुद्धा येत होता. म्हणाली, उद्या सासूला डॉक्टरकडे नेणार आहेत, दुपारभर घरात कुणी नाही. मुलीच्या दप्तरात दोन कपडे भरलेत. मग म्हणाली, "ताई, निघू का?"

माईंच्या बाजूला काही नाही. चिटपाखरू नाही.

"ताई?" म्हणाली. पुन्हा काही नाही. मग बराच वेळ नुसता तिचा श्वास. मग म्हणाली, "बरं. कळलं मला." आणि ठेवला.

तिने इतक्या महिन्यांनी विचारलं आणि ही बाई तिकडे डुलकी काढतेय! माझ्या गुरू म्हणून मी त्यांना कधी उणा शब्द बोलले नाही. पण उद्या बोलणार.

मंगळवार, १७ मार्च

बोलले. नको तितकं बोलले.

माई म्हणाल्या, "अगं, मी म्हणाले ना हं. दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा तर चांगलं दाबून म्हणाले."

मी म्हटलं, "माई, मी कानांनी ऐकलंय. तुमच्या बाजूला काही नाही."

"माझं तोंड मला माहीत नाही का?"

"यंत्राला काय तुमच्याशी वैर आहे?"

चिमणी खिडकीकडे तोंड करून उभी. मी म्हटलं, काही दिवस तुम्ही फोनवर बसू नका, कपाटातली पत्रकं लावायची आहेत ती लावा. माईंनी चष्मा डबीत घातला, डबी पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "पत्रकं लावायला कुणीही चालेल." जिना उतरून गेल्या. जाताना लाँड्रीवाल्याशी दोन शब्द बोलल्या तेही मला वरून ऐकू आले. नेहमीसारखंच बोलल्या, तब्येत वगैरे.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण राग जास्त आहे. घरी कुणाशी बोलावं तर हे पाठमोरे बसलेले. तीन हाका मारल्या, वळूनसुद्धा बघितलं नाही. चौथ्यांदा खांद्याला हात लावला तर दचकले, जणू मी चोर आहे.

गुरुवार, १९ मार्च

माईंच्या जागेवर मी बसले. ठरवलं होतं, जिन्याखालचीशी एक शब्द बोलायचा नाही, नुसतं हं. रात्री आंघोळीच्या खोलीत जाऊन सरावही केला होता, कुणाला सांगायची सोय नाही.

फोन आला. श्वासावरूनच ओळखला. मी जमेल तेवढं हळू म्हटलं, "हं."

ती म्हणाली, "ताई?"

पुन्हा म्हटलं, हं.

"ताई, आहात का?" मी पुन्हा. ती थांबली. मग ठेवून दिला.

माझं हं तिला परकं वाटलं, दुसरं काय. ज्याचं काम त्यानेच करावं. माईंना परत बोलवायचा विचार मनात आला, तर पुन्हा ती डुलकी आठवली आणि डोकं तापलं.

सोमवार, २३ मार्च

बँकेत शेवटी मलाच जावं लागलं. रांग हलेना. म्हणून मोबाइलवरून खोलीत फोन लावला, चिमणीने उचलला. पुढच्या आठवड्याच्या पाळ्या सांगायच्या होत्या. माई नाहीत म्हणजे कुणी कधी यायचं, किल्ली कुणाकडे राहील, अध्यक्षांना काय सांगायचं आणि काय नाही, हे सगळं मी सांगतेय, आणि ही पोरगी चकार शब्द काढत नाही. शेवटी मी रांगेतच कडाडले, "अगं, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

तर म्हणते कशी, "अहो ताई, मी मघापासून हं हं करतेय."

पुढचा माणूस वळून बघायला लागला. मी म्हटलं, "आत्ता म्हण. नुसतं हं म्हण."

काही नाही.

"म्हटलंस?"

"म्हटलं."

"पुन्हा म्हण."

काही नाही. शेजारी कुणी नाही, समोर कुणी नाही, अशी शांतता. बोलली की आवाज खणखणीत. हं म्हणाली की विहीर. मी रांग सोडून भिंतीला टेकून उभी राहिले. माई दोनदा म्हणाल्या होत्या. दुसऱ्यांदा दाबून.

आणि मी? माझा आवाज ढोलासारखा. माझ्या एकाही फोनवर कुणाची तक्रार नाही. चाचणीला बसले मी, बोलले काय तर हॅलो हॅलो. इतक्या दिवसांत आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही की ज्या खोलीत दिवसभर हं म्हणतात तिथे चाचणीला एकदा हं म्हणून बघावं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, यंत्र हं गिळतं, माईंचा काही दोष नव्हता, मी त्या बाईला काय काय बोलले. रडले मी. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घेतलं, आणि मान हलवून म्हणाले, "हं." निदान घरी तरी एक हं धड पोचतं.

मंगळवार, २४ मार्च

होऊनजाईलला सकाळीच बोलावला. त्याला काही धक्का बसला नाही. म्हणाला, "ती सोय आहे मॅडम. आजूबाजूचा गोंगाट गाळते. पंखा, रस्ता, खोकला. बारीक आवाज पुढे पाठवतच नाही, इंटरनेटवरचा भार वाचतो."

"हं हा गोंगाट आहे?"

"यंत्राच्या हिशेबाने... म्हणजे शब्द नाही ना तो."

मी त्याला म्हटलं, "तुझ्या आईला तू काही सांगतोस तेव्हा ती काय म्हणते? व्याख्यान देते?" तो गप्प. मी म्हटलं, "बघ, तूसुद्धा आता मृत वेळ झालास."

बंद कर म्हटलं तर त्याच्या हातात नाही. त्याच्या कंपनीला तक्रार टाकायची, तिचा एक क्रमांक मिळतो, मग कंपनीतलं कुणीतरी ती वाचतं. जुने फोन परत लाव म्हटलं तर तार कापलेली. अध्यक्षांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तोडगा सांगितला, "मग हं न म्हणता 'हो ताई, मी ऐकते आहे' असं पूर्ण वाक्य म्हणत जा ना. ऐकायलाही बरं वाटतं." पूर्ण वाक्य! जिन्याखाली, तिखट कानाच्या सासूशेजारी, पूर्ण वाक्य! मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. ध्वनिमुद्रण मात्र आजच्या आज बंद करून घेतलं आणि आधीचं पुसायला लावलं. होऊनजाईल पुसत असताना शेजारी खुर्ची टाकून बसले.

बुधवार, २५ मार्च

माईंकडे गेले. त्यांचा जावई दार उघडायला आला, त्या आत उशीला अभ्रा घालत होत्या. मी दारातच सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी उशी खाली ठेवली नाही.

म्हणाल्या, "हे मला त्या दिवशीच सांगायचं होतं, की हं पोचत नाहीये असं वाटतंय. तू ऐकून कुठे घेतलंस?"

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"माझं सोड. तिने निघू का म्हणून विचारलं. मी हं म्हणाले. तिला वाटलं असेल..."

वाक्य पुरं केलं नाही. मलाही करता येत होतं, मीही केलं नाही. आजपर्यंत मी माईंनी तिला वाऱ्यावर सोडलं म्हणून संतापत होते. ती निघणार होती. दप्तरात कपडे भरून जिन्याखाली बसली होती. निघायची राहिली ती आमच्या फोनमुळे.

उद्या येते म्हणाल्या. निघताना मला पाणी दिलं.

गुरुवार, २६ मार्च

माई आल्या, जागेवर बसल्या. जिन्याखालचीचा फोन आला नाही.

सोमवार, ३० मार्च

तक्रारीला उत्तर आलं. गाळणी 'कमी' केली आहे, पूर्ण बंद करता येत नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर. होऊनजाईल म्हणाला, थोडं मोठ्याने हं म्हणून बघा.

मग आज सगळी दुपार हा तमाशा. लाँड्रीवाला खाली मोबाइल कानाला लावून उभा, हातात इस्त्री, आणि आम्ही तिघी वरून एकेक हं म्हणतोय. तो जिन्यातून ओरडून सांगतोय, "आलं! ... नाही आलं. ... अर्धं आलं!" माईंचं नेहमीचं हं अजूनही जात नाही. चिमणीचं तर नाहीच. माझं जातं, पण ते हं राहत नाही, दटावणी होते. लाँड्रीवाला म्हणाला, "ताई, तुमच्या हं ने माझं गिऱ्हाईक पळालं."

शेवटी मधला एक आवाज सापडला. घशातून नाही, थोडा नाकातून, ना हळू ना मोठा. असा आवाज मी हयातीत काढलेला नाही. माई म्हणाल्या, "हं, हेच." तेही खाली पोचलं नाही.

गुरुवार, २ एप्रिल

आजचं आजच लिहिते.

माई दुसऱ्या फोनवर होत्या. एक मुलगा परीक्षेचं सांगत होता, त्याला मध्ये तोडणं शक्य नव्हतं. माझ्याकडचा वाजला. उचलला, आणि श्वास ओळखला.

मधल्या आवाजात म्हटलं, "हं."

पोचलं. ती लगेच म्हणाली, "ताई, आज आवाज येतोय तुमचा." आणि मग नेहमीसारखी कुजबुजत बोलत राहिली, मी हं म्हणत राहिले. म्हणाली, शेवटचा फोन आहे हा. त्यांच्या गल्लीतल्या तारा पुढच्या आठवड्यात काढणार. नवा फोन इंटरनेटच्या पेटीला जोडायचा, ती पेटी बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी, सासूच्या खुर्चीला लागून. जिन्याखाली आता केरसुण्या ठेवणार.

"म्हणून म्हटलं, तुमचे आभार तरी मानावेत," म्हणाली.

मी हं म्हटलं.

"त्या दिवशी मी निघू का म्हणाले, तुम्ही काही बोलला नाहीत. तेव्हाच कळलं मला. मोठ्या माणसांचं गप्प बसणं कळतं मला, ताई. थांबले. बरंच झालं. मुलीची शाळा बुडाली असती. तुमच्यामुळे घर मोडलं नाही. आता हाताचं प्लॅस्टर तेवढं निघालं की झालं."

हाताचं प्लॅस्टर. हे असं म्हणाली, जाता जाता.

माझ्या डोक्यात काय काय उसळलं ते लिहून सांगता येणार नाही. तिच्या नवऱ्याचा हात, होऊनजाईलची सोय, अध्यक्षांचं पूर्ण वाक्य, आणि मी स्वतः, कानाला टोपडं लावून माईंना झोपाळू ठरवणारी. इतका राग, आणि आवाज मात्र चढवायचा नाही. चढवला तर सासू ऐकेल, उतरवला तर यंत्र गिळेल.

मी म्हटलं, "ते गप्प बसणं नव्हतं. आमचा फोन बिघडला होता. तुम्हाला उत्तर दिलं होतं. पोचलं नाही."

तिकडे कुठेतरी नळ चालू होता, तो ऐकू येत होता. खूप वेळाने तिने विचारलं, "काय दिलं होतं उत्तर?"

माईंनी हं म्हटलं होतं. खरं सांगायचं तर तेवढंच सांगायला हवं होतं. नियम माझा, घोकून घेणारी मी. मी माईंकडे बघितलं, त्या कपाळाला हात लावून त्या मुलाचं ऐकत होत्या.

मी म्हटलं, "नीघ, म्हणाले होते."

नळ बंद झाला. श्वास येत होता, म्हणजे ती होती. मग ती म्हणाली, "हं." आणि फोन ठेवला.

मी टोपडं काढलं नाही. माईंच्या फोनवरचा तो मुलगा आणखी बराच वेळ बोलत होता. तो झाल्यावर त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ आल्या. मी सगळं सांगितलं, नियम मोडला तेही. त्यांनी फक्त विचारलं, "शेवटी काय म्हणाली?"

"हं म्हणाली."

"कसं?"

मी म्हणून दाखवलं. ते तसं नव्हतं. पुन्हा म्हटलं, तेही नव्हतं. निघते असं होतं, की आता उशीर झाला असं होतं, की नुसतं कळलं असं, मला काही केल्या सांगता येईना, आणि विचारायला तो फोन उरला नाही. माईंनी डोळे मिटून घेतले.

"परत म्हण," त्या म्हणाल्या.

मी परत म्हटलं.